होळीपर्यंत केळीची राखण

जळगाव-धुळ्याकडचा फेब्रुवारी फसवा असतो. दुपारी पारा ३२-३३ अंशांवर जातो, घरात पंखे फिरू लागतात, स्वेटर पेटीत जातात आणि बागाईतदाराच्या मनातून थंडीचा विषय निघून जातो. मात्र त्याच दिवशी पहाटे शेतात ९-१० अंश असू शकतात. हिवाळा कधी संपला हे आपण सणांवरून ठरवतो. संक्रांतीला तो कलतो, वसंत पंचमीला वसंत आला असे म्हणतो, महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते आणि 'होळी जळाली, थंडी पळाली'. यातला होळीचा ठोकताळा त्यातल्या त्यात खरा आहे. अडचण अशी की बहुतेक बागांमधली राखण होळीपर्यंत चालतच नाही, ती संक्रांतीनंतर आठ-पंधरा दिवसांत सैल पडते. या लेखाचा आग्रह एवढाच आहे की केळी, पपई आणि उन्हाळी पिकांच्या बाबतीत हिवाळा संपल्याचा निर्णय सणावर किंवा दुपारच्या उन्हावर सोपवू नका. तो रात्रीच्या किमान तापमानावर घ्या आणि होळी होईपर्यंत रोज घ्या. डिसेंबरातल्या थंडीपेक्षा फेब्रुवारीतली थंडी आकड्याने सौम्य असते, तरी केळीला ती जास्त महाग पडू शकते.

वसंत पंचमी येते माघात, आणि माघ हा शिशिराचा महिना. चैत्र-वैशाखातला वसंत तिथून पावणेदोन महिने तरी दूर असतो. २०१९ मध्ये वसंत पंचमी १० फेब्रुवारीला होती आणि नेमक्या त्याच दिवसांत उत्तर महाराष्ट्र थंडीच्या लाटेत सापडला होता. त्याआधी २०१२ मध्ये वसंत पंचमी २८ जानेवारीलाच होऊन गेली होती. तरी ९ फेब्रुवारीला समुद्रकाठच्या मुंबईत, सांताक्रूझ केंद्रावर ८.८ अंशांची नोंद झाली. समुद्राची ऊब असलेल्या शहरात फेब्रुवारीत एवढी थंडी पडत असेल, तर समुद्रापासून दूर, कोरड्या हवेच्या तापीखोऱ्यात तिची शक्यता गृहीत धरूनच चालले पाहिजे. धुळ्याचा पारा किती खाली जाऊ शकतो हे डिसेंबर २०१८ च्या अखेरीस दिसलेच होते. तिथल्या कृषी महाविद्यालयात तेव्हा किमान तापमान अडीच अंशांच्याही खाली नोंदले गेले. फेब्रुवारीत इतकी टोकाची थंडी सहसा येत नाही. पण केळीचे नुकसान व्हायला अडीच अंश लागतही नाहीत.

ही उशिराची थंडी येते कुठून, हे समजून घेतले तर तिची चाहूल दोन-तीन दिवस आधी लागते. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून एकामागून एक पश्चिमी विक्षोभ उत्तर भारतावर येतात आणि काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात बर्फ टाकून जातात. फेब्रुवारी आणि मार्चमध्येही हे चालू असते. विक्षोभ पुढे सरकला की त्याच्या मागे आकाश निवळते आणि बर्फावरून आलेली कोरडी, गार हवा राजस्थान, माळवा, गुजरात ओलांडून आपल्याकडे उतरते. सातपुडा तिला पुरता अडवत नाही. निम्मी थंडी तर बाहेरून येतच नाही, ती इथेच तयार होते. ढग नसलेल्या, वारा पडलेल्या कोरड्या रात्री जमीन दिवसभराची उष्णता आकाशात सोडून देते आणि जमिनीलगतची हवा झपाट्याने गार होते. गार हवा जड असल्याने ती उताराने खाली सरकते आणि सखल जागी साचते. म्हणून सातपुड्याच्या पायथ्याशी, सुकी, मोर, अनेर अशा नद्यांच्या आणि नाल्यांच्या काठच्या खोलगट शेतात गावातल्यापेक्षा दोन-तीन अंश कमी असणे नवलाचे नाही. यातून एक साधा अंदाज बांधता येतो. शिमल्याला किंवा श्रीनगरला ताजा बर्फ पडल्याची बातमी आली आणि आपल्याकडे ढगाळ, दमट, उबदार रात्री असल्या, तर थंडी गेली असे समजू नका. ढग म्हणजे रात्रीचे पांघरूण आहे. ते निघून वारा उत्तरेकडून वाहू लागला की दुसऱ्या-तिसऱ्या रात्री पारा उतरतो. तयारीसाठी एवढा वेळ पुरतो.

आता केळीकडे पाहू. हे उष्ण आणि दमट प्रदेशातले झाड. २७ अंशांच्या आसपास ते सुखात असते, १६ अंशांखाली त्याची वाढ फारच मंदावते आणि १२ अंशांखाली पेशींना इजा व्हायला लागते. पाने पिवळी पडतात, पोंगा उलगडत नाही, निसवणीला आलेल्या झाडात घड खोडाच्या तोंडाशीच अडकतो किंवा वाकडा बाहेर पडतो. तयार फळाच्या सालीखालच्या चिकाच्या नलिका तपकिरी पडतात आणि पिकल्यावर साल सोनेरी होण्याऐवजी मळकट दिसते. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून चार-पाच फुटांवर, सावलीच्या पेटीत असतो. उघड्या आकाशाखालचे पान निरभ्र रात्री आजूबाजूच्या हवेपेक्षाही दोन-तीन अंशांनी गार होते. म्हणजे बातमीत '११ अंश' असे आले, तर उघड्यावरच्या पानाला ८-९ अंशांची रात्र काढावी लागलेली असू शकते.

फेब्रुवारीच इतका नाजूक का, याचे उत्तर खानदेशातल्या लागवडीच्या वेळापत्रकात आहे. जून-जुलैमध्ये लावलेला मृगबाग फेब्रुवारीत निसवणीच्या तोंडावर किंवा निसवणीत असतो, आणि घड बाहेर पडण्याच्या वेळेलाच झाड थंडीला सर्वात कमी तोंड देऊ शकते. ऑक्टोबरात लावलेला कांदेबाग तेव्हा चार-पाच महिन्यांचा असतो. बाहेरून तो निव्वळ पानांचे झाड दिसतो, पण ऊतीसंवर्धित रोपांच्या बागेत साधारण याच सुमाराला खोडाच्या आत फुलाचा कोंब धरत असतो आणि घडाला फण्या किती येणार हे ठरत असते. त्या पंधरवड्यात कंद गारठला आणि मुळे थंडावली, तर त्याचा परिणाम जूनपासून पुढे घड बाहेर पडल्यावर दिसतो. फण्या कमी आल्या, रास घटली की शेतकरी खताला, रोपांना किंवा मेच्या उन्हाला दोष देतो. चार महिन्यांपूर्वीच्या गार रात्री तेव्हा कोणाला आठवत नाहीत. माझ्या मते फेब्रुवारीच्या थंडीकडे दुर्लक्ष होण्याचे मोठे कारण हेच आहे. तिचा घाव आणि त्याची खूण यांत फार अंतर पडते.

शिवाय फेब्रुवारीतल्या दिवस-रात्रीच्या तफावतीने झाडाची कोंडी होते. दुपारच्या कोरड्या उन्हात पानांतून पाणी भराभर उडते, पण रात्रभर गारठलेली माती सावकाश तापत असल्याने मुळे पाणी उचलायला उशीर लावतात. जमिनीत ओल असूनही पाने मलूल होतात. अशा वेळी दुपारी पाणी वाढवून फारसे साधत नाही, उलट काळ्या जमिनीत वाफसा मोडतो. फेब्रुवारीत डिसेंबरापेक्षा हवा कोरडी असते, त्यामुळे ही तफावत वीस अंशांच्या पुढेही जाऊ शकते.

यावर पहिला आक्षेप येतो तो थंडीच्या लाटेच्या घोषणेचा. हवामान खाते लाटेचा इशारा देईल तेव्हा बघू, असे अनेकांना वाटते. पण त्या घोषणेचे निकष केळीसाठी बांधलेले नाहीत. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी कमी असावे लागते, किंवा थेट ४ अंशांपर्यंत उतरावे लागते. आठवडाभर रोज ११ अंश राहिले तर लाट जाहीर होणार नाही आणि बागेला मात्र सात रात्री इजा होत राहील. इशारा आला तर काम वाढवा, पण काम सुरू करायला इशाऱ्याची वाट पाहू नका. हवामान खात्याचा जिल्हावार कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, 'मेघदूत' ॲपवरही तो मिळतो. त्यात पुढच्या पाच दिवसांचे किमान तापमान असते. बातमीतल्या 'लाट' या शब्दापेक्षा तो आकडा पाहावा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हिवाळे आता तापू लागले आहेत, मग ही जुनी भीती कशाला? फेब्रुवारी २०२३ मध्ये देशातले सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदीत सर्वाधिक ठरले, हे खरे आहे. पण महिन्याची सरासरी वेगळी आणि एखाद्या पहाटेचा किमान आकडा वेगळा. सरासरीने उबदार महिन्यातही चार गार रात्री मावतात. उलट तापलेल्या दिवसांनी झाड जोमाने कोवळी पाने काढू लागते, आणि मग आलेली गार रात्र त्या कोवळ्या पानांवर अधिक उमटते. तरीही या आक्षेपात एक रास्त मुद्दा आहे. दरवर्षी डोळे झाकून होळीपर्यंत खर्च करत राहणे शहाणपणाचे नाही. म्हणूनच मोजमाप हवे. एखाद्या वर्षी फेब्रुवारीच्या मध्यापासून किमान तापमान सलग आठवडाभर १६ अंशांच्या वर राहिले आणि अंदाजातही घसरण नसली, तर राखण आधीच थांबवून मजुरी वाचवता येईल.

तिसरा आक्षेप रब्बीवाल्यांचा, आणि तो त्यांच्यापुरता बरोबर आहे. गव्हाला उशिरापर्यंत थंडी मिळाली तर दाणा सावकाश आणि चांगला भरतो, लवकर ऊन तापले तर तो चिमतो. हरभऱ्यालाही थंडी मानवते, मात्र फुलोऱ्यात फार गार रात्री आल्या तर त्याचीही फूलगळ होते. म्हणजे एकाच शेतकऱ्याच्या एका वावरात जी रात्र हवीशी असते, ती शेजारच्या वावरात नकोशी असते. 'यंदा थंडी चांगली आहे' हे वाक्य पिकाचे नाव घेतल्याशिवाय पुरे होत नाही. पपईचे गणित केळीसारखेच आहे. थंडीने तिची पाने गळतात आणि उघडी पडलेली फळे मार्चच्या उन्हात भाजतात. उन्हाळी भुईमूग आणि कलिंगड यांना उगवणीसाठी उबदार माती लागते. लवकर भाव मिळावा म्हणून गार मातीत बी टाकले तर उगवण विरळ होते आणि बियाण्याचे पैसे जातात. किमान तापमान १८ अंशांकडे सरकेपर्यंत भुईमुगाने थांबावे. कलिंगड-खरबूज थांबणार नसेल तर मल्चिंग पेपर आणि वर क्रॉप कव्हर, दोन्ही हवे.

प्रत्यक्ष कामांत पाण्याला मी सगळ्यात वर ठेवतो, कारण त्याला वेगळा खर्च नाही. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी हिवाळ्यातही पंचवीस अंशांच्या आसपास असते. ते उत्तररात्री किंवा पहाटे दिले तर मातीला थेट ऊब मिळते, आणि ओली माती कोरड्या मातीपेक्षा उष्णता जास्त साठवते व सावकाश सोडते. म्हणून माती सुकू देऊ नका, पण चिखलही करू नका. कालव्याचे किंवा शेततळ्यातले पाणी रात्री स्वतःच गारठते, त्याचा हा उपयोग नाही. शेतीपंपांची वीज रात्रीच्या पाळीत मिळत असेल, तर पाणी धरायला जाणाऱ्या माणसाचीही काळजी घ्यावी लागेल. गमबूट, कोरडे कपडे आणि सोबत एक माणूस एवढे तरी हवेच. ठिबक असेल तर स्वयंचलित यंत्रणेवर केलेला खर्च या कामी येतो. झोपडीत किंवा बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे मात्र जिवावर बेतते, हे बागेतल्या प्रत्येक सालदाराला आणि मजुराला सांगा.

दुसरे काम बाग बंदिस्त ठेवण्याचे. केळीची वाळलेली पाने फेब्रुवारीत स्वच्छतेच्या हौसेने कापून टाकू नका. खोडाभोवती लोंबणारी कोरडी पाने थंड वाऱ्याला आड येतात. करपा पडलेली पाने तेवढी काढा, कारण पहाटेच्या दवात तो वाढतो. खोडाला माती चढवा, बुंध्याशी पाचट किंवा वाळलेल्या पानांचे आच्छादन घाला, झाडाला पाव किलो निंबोळी पेंड द्या. घड पूर्ण निसवल्यावर १०० गेज जाडीची, २ ते ६ टक्के छिद्रे असलेली पांढरी पिशवी किंवा स्कर्टिंग बॅग घाला. पिशवीमुळे घड थंडीत उबेला राहतो आणि डागही पडत नाहीत, त्यामुळे तिचे पैसे भावात वसूल होतात. उत्तर आणि पश्चिम बाजूंना शेवरी, बांबू किंवा गजराज गवताची सजीव कुंपणे लागवडीबरोबरच उभी राहायला हवीत. ती नसतील तर यंदापुरती हिरवी जाळी बांधा. हीच ताटी एप्रिल-मेमध्ये पश्चिमेकडून येणारी लू अडवते, म्हणून तिच्यावरचा खर्च दोन हंगामांत वाटला जातो.

शेकोट्या आणि धूर यांच्यावर माझा फारसा भरवसा नाही. वारा अगदी पडलेला असेल तर बागेच्या कडेने पेटवलेल्या अनेक छोट्या शेकोट्यांची ऊब थोडीफार उपयोगी पडते. पण नुसता धूर जमिनीतून निघणारी उष्णता ढगासारखी अडवू शकत नाही, वारा असेल तर तो शेजारच्या वस्तीत जातो आणि दमेकऱ्यांना त्रास देतो. ज्या पाचटाचा धूर करायचा, ते बुंध्याशी अंथरले तर जास्त रात्री कामी येते.

कापणीची वेळ हाही थंडीचाच भाग आहे, आणि तिकडे फार थोडे लक्ष जाते. केळी टिकवण्याच्या शीतगृहात तापमान १३ अंशांच्या खाली जाऊ देत नाहीत, कारण त्याखाली साल बिघडते. मग संध्याकाळी कापलेला घड रात्रभर ९ अंशांच्या उघड्या वावरात किंवा ताडपत्री नसलेल्या ट्रकमध्ये ठेवला, तर शीतगृहातली काळजी व्यर्थ जाते. रावेर-सावद्याहून आणि यावल-चोपड्याकडून माल दिल्ली, पंजाब, काश्मीरकडे जातो तेव्हा वाटेतही फेब्रुवारीच्या रात्री गारच असतात. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि आखातात निर्यात होऊ लागली, त्यामुळे सालीच्या रंगाला आता अधिक किंमत आली आहे. कापणी सकाळी ऊन वर आल्यावर करा, माल त्याच दिवशी पॅकहाऊसमध्ये पोचवा, ट्रकला आतून पाचटाचा थर आणि वरून ताडपत्री असल्याशिवाय भरू नका.

खानदेशात बर्फ पडत नाही, पण गारा पडतात, आणि त्या याच पश्चिमी विक्षोभांच्या जोडीने येतात. फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात झालेली गारपीट अनेकांना आठवत असेल. त्या गारपिटीचा तडाखा खानदेशालाही बसला. गारपिटीनंतर पाने फाटून झाडाला जखमा होतात आणि मागोमाग आकाश निवळून थंडी येते, म्हणजे जखमी झाडाला दुसरा मार बसतो. पहिल्या दोन दिवसांत लोंबणारी पाने कापून कॉपर ऑक्सिक्लोराईड फवारा, कलंडलेली झाडे बांबूचा टेकू देऊन उभी करा आणि त्या रात्री पाणी चुकवू नका. पण त्याही आधी नुकसानीचे फोटो काढून ७२ तासांच्या आत विमा कंपनीला पूर्वसूचना द्या. गारपिटीचे संरक्षण ऐच्छिक असते, ते घेतलेले असेल तरच ही सूचना उपयोगाची.

थंडीच्या विम्याचे तंत्र यापेक्षा वेगळे आहे. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत पंचनामा होत नाही, महसूल मंडळातल्या 'महावेध' स्वयंचलित केंद्राची नोंद निर्णायक असते. केळीसाठी अलीकडच्या वर्षांत नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात किमान तापमान सलग काही दिवस ८ अंश किंवा त्याखाली राहण्याची अट आहे. या वर्षीची नेमकी अट अधिसूचनेत वाचून घ्या. झाडाला १२ अंशांखालीच इजा सुरू होते आणि भरपाई ८ अंशांवर, म्हणजे या दोन आकड्यांमधले नुकसान कोणीही भरून देणार नाही. ते फक्त बागेतल्या कामाने टाळता येते. म्हणून कमाल-किमान तापमापक विकत आणा. तो बागेच्या सर्वात सखल कोपऱ्यात, सावलीत, छातीच्या उंचीवर टांगा आणि होळीपर्यंत रोज सकाळचा आकडा तारखेसह वहीत लिहा. किमान तापमान १४ अंशांखाली गेले की पहाटेचे पाणी सुरू करा, १२ अंशांखाली गेले की बाकीची सगळी कामे त्याच दिवशी. काही वर्षांच्या नोंदी जमल्या की नवी लागवड कोणत्या वावरात करायची आणि कोणत्या खोलगट जागेत गहूच बरा, हेही त्या वहीतून ठरवता येईल. आणि तुमचा आकडा व मंडळातल्या केंद्राचा आकडा यांत सतत मोठा फरक दिसत असेल, केंद्र भिंतीजवळ, डांबरी रस्त्याकडेला किंवा झाडाखाली असेल, तर गावातल्या पाच-दहा जणांच्या नोंदी जोडून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. ती हंगाम चालू असतानाच द्या, फेब्रुवारी संपल्यावर दिलेल्या तक्रारीचा त्या वर्षी उपयोग होत नाही.